माझ्या सहीचा खड्डा

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अजून मी कुणाच्या घरी गेलो की घरातली बाई आधी लगबगीनं मोरीचं दार ओढून घेते आणि मग पाणी विचारते. सारा जन्म आरोग्य निरीक्षक म्हणून काढल्यावर एवढा मान मिळायचाच. माझी बायको म्हणते, "तुमच्यासंगं लग्नाला जायाची बी चोरी झालीया. अक्षता पडायच्या आत ह्यो मानूस आचाऱ्याच्या पान्याच्या टाकीत वाकून बघतोय." तिचं म्हणणं खरं आहे. मी बघतो, आणि यापुढंही बघणार.

मी मूळचा येळ्ळूरचा. घरची शेती थोरल्या भावाकडं राहिली आणि मला नोकरी लागली ती बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एका लहान शहरात. सरकारी कागदावर तिथली ती पुरसभा, लोकांच्या तोंडी नगरपालिका. शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जी गोष्ट सांगणार आहे तिच्यातली चूक माझी आहे, त्यात अख्ख्या गावाला कशाला ओढायचं?

आरोग्य निरीक्षक म्हणजे कचरा, मोकाट कुत्री आणि गटार, अशी लोकांची समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. पण आमच्या टेबलावर आणखी काय काय येतं हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. एक निवृत्त मास्तर दर सोमवारी शुद्ध कन्नडमध्ये अर्ज आणून द्यायचे: 'शेजाऱ्याचा कोंबडा माझ्या खिडकीकडे तोंड करून आरवतो, तरी त्याची दिशा बदलून मिळावी.' खाली प्रत रवाना म्हणून थेट जिल्हाधिकारी. मी एकदा खरंच जाऊन तो कोंबडा उलट्या बाजूच्या खुराड्यात ठेवायला लावला. पुढच्या सोमवारी दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याचा अर्ज आला.

पण आमची खरी परीक्षा साथीत. आमचा एक साधा ठोकताळा असतो. एका घरात जुलाब-उलट्या झाल्या तर काहीतरी शिळं खाल्लेलं असतं. एकमेकांकडं जेवायला न गेलेल्या तीन घरांत झाल्या तर पाणी बघायचं.

त्या वर्षी आषाढ सरत आला होता आणि पाऊस पंधरा दिवस लागून राहिला होता. सकाळी दहाच्या सुमाराला आमची आशा कार्यकर्ती शोभा हिचा फोन आला. आशा म्हणजे घरोघर फिरून बाळंतिणींची, पोरांच्या लशींची खबर ठेवणारी बाई. शोभा कधी घाबरत नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता.

"सर, हीर गल्लीत या लगोलग. सात घरांत जुलाब लागल्यात. पांढऱ्या पेजंगत जात्यात लोकं."

पेजेसारखे जुलाब म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून उठलो. त्या रोगाचं नाव आमच्याकडं कुणी पटकन कागदावर लिहीत नाही. तालुक्याचे डॉक्टरही अहवाल येईपर्यंत 'गॅस्ट्रो' म्हणतात. नाव काहीही द्या, अंगातलं पाणी इतक्या वेगानं जातं की सकाळी चालता बोलता असलेला माणूस दुपारी डोळे खोल जाऊन निपचित पडतो. वेळेत पाणी आणि मीठ परत अंगात गेलं तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी भाकरी मागतो. म्हणून साथीत सगळी लढाई वेळेशी असते.

साथ आली की नगरपालिका कशी हलते हे बाहेरच्यांना दिसत नाही. आमच्या मुख्याधिकारी मॅडम कलबुर्गीकडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. मराठी त्यांना समजायचं, बोलायला जमायचं नाही. माझं येळ्ळुरी वळणाचं कन्नड ऐकून त्यांना हसू यायचं, पण त्या दिवशी हसल्या नाहीत. "सरी," म्हणजे 'ठीक', एवढंच म्हणाल्या आणि फोन उचलला. दुपारपर्यंत मराठी शाळेच्या दोन वर्गांतली बाकं बाहेर निघाली, खाटा आत गेल्या. सलाइनच्या बाटल्या टांगायला स्टँड कमी पडले, तेव्हा आमच्या माणसांनी खिडकीच्या गजांना सुतळी बांधली. तालुक्याहून दोन डॉक्टर आले. शोभा आणि तिच्या जोडीच्या बायका मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन घराघरांत शिरल्या. भोंगा लावलेली रिक्षा आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत ओरडत फिरू लागली. मराठीतला मजकूर मी लिहिला होता: 'नळाचे पाणी उकळून प्या.' हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते विसरता येत नाही.

मी आणि वॉलमन कल्लाप्पा नळाच्या मागं लागलो. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, पाळीनं येतं. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते वॉलमनच्या हातात असतं, त्यामुळं आमदारापेक्षा त्याला जास्त नमस्कार पडतात. पाणी बंद असलेल्या वेळात फुटक्या जागेतून गटाराची घाण नळात ओढली जाते आणि बहुतेक साथी तिथूनच येतात. मी काचेच्या नळीत नळाचं पाणी धरलं, वर औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. पिवळं झालं, पण जरा फिकट.

"डोस वाढवूया," मी म्हणालो. "डबल करूया."

"सायेब, माज्या लायनीत कायबी न्हाय," कल्लाप्पा फणकारला. "डोळे झाकून सांगतो."

तरी मी दोन ठिकाणी रस्ता उकरायला लावला. पाइप धडधाकट निघाले. कल्लाप्पानं माझ्याशी बोलणं टाकलं.

इकडं शोभाची यादी वाढत होती. साथीत प्रत्येक आजाऱ्याचा एक कागद भरतात: नाव, वय, कधी सुरू झालं, काय खाल्लं. त्यात एक रकाना असतो, 'पाण्याचा स्रोत.' मी सगळ्या कागदांवर नजर टाकली. सगळीकडं 'नळ.' म्हणजे नळच, असं मी मनाशी पक्कं धरलं. तो रकाना आमच्या आशा कार्यकर्त्या कसा भरतात हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "नळ हाय न्हवं?" घरचे म्हणायचे, "हाय की." झालं, 'नळ.' नळ कोरडा असलेल्या दिवशी पाणी कुठलं पितात हे कुणी विचारतच नव्हतं. ही सवय मीच त्यांना लावली होती, कारण अहवाल पाचच्या आत वर जायचा असतो.

आता ज्या विहिरीवरून हीर गल्लीला, म्हणजे विहीर गल्लीला, नाव पडलं तिच्याविषयी सांगतो. गल्लीच्या मधोमध दगडी बांधणीची जुनी विहीर आहे. तिला लागून चंपाआक्कांचं घर. आक्का जैन, सत्तरीच्या पुढच्या, विधवा, मुलगा आणि सून तंबाखूच्या व्यापारात. विहीर नगरपालिकेची असली तरी राखत होत्या त्या आक्काच. काठावर कपडे धुवायचे नाहीत, चपला घालून चढायचं नाही, दोरी जमिनीला टेकवायची नाही. त्यांच्याकडं पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच घेतात आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव हलक्या हातानं परत विहिरीत सोडतात. त्या वर्षी गावात मुनी महाराजांचा चातुर्मास होता. महाराजांच्या आहाराला विहिरीचंच पाणी लागतं, त्यामुळं आक्कांचा त्या विहिरीवर आणखीच जीव होता.

विहिरीसमोर दत्तू टेलरचं दुकान. आक्कांची गाळायची फडकी वर्षानुवर्षं दत्तूअण्णाच शिवायचा. पांढऱ्या कापडाला निळ्या दोऱ्याची शिवण घालायचा. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाला, "निळी शिवण म्हंजी आक्काचं. न्हायतर आमची बायकू त्यात दही बांधंल." स्वतः मात्र कधी पाणी गाळलं नाही. आक्का रागावल्या की म्हणायचा, "आक्का, दोन-चार किडं पोटात गेलं तर तेवढंच मटन."

साथीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला दुकानातून हाक मारली. हातात चहाचा ग्लास होता.

"सायेब, ह्यो चहा हाय का वाफारा? नुसता दवाखान्याचा वास मारतोय."

"औषध जास्त टाकलंय, दत्तूअण्णा. बाधत नाही."

"बाधत न्हाय, पर घशाखाली बी उतरत न्हाय. समदी गल्ली हिरीचं पानी भराय लागलीया बघा. मी तर कळशी आक्काकडनंच भरून घेतोय. हिरीचं चालतंय न्हवं?"

मी क्षणभर विचार केला. आक्कांच्या घरात पाच माणसं, सगळी विहिरीचंच पाणी पिणारी. डाव्या-उजव्या घरांत माणसं लोळत होती आणि या घरात साधी शिंकही नव्हती. म्हणजे विहीर चांगली, असा माझा हिशेब झाला.

"चालतंय की," मी म्हणालो. "आक्कांच्या घरी बघा, सगळे ठणठणीत आहेत."

तपासणीसाठी नेलेल्या चार बाटल्या मी चारही नळाच्याच पाण्यानं भरल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तूअण्णा शाळेतल्या खाटेवर आला. दोन्ही हातांना सलाइन लावलं. वय, आधीचा साखरेचा आजार आणि त्यात लाजेनं रात्रभर कुणाला सांगितलं नव्हतं. बेळगावला हलवायचं ठरलं. गाडीत घालताना त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "सायेब, गिऱ्हाइकाचं दोन ब्लाउज राहिल्यात, तेवढं सांगा." गाडी हायवेला लागायच्या आतच तो गेला.

या साथीत गेलेला तो एकटाच. बाकी सगळे वाचले, आणि आमचे डॉक्टर, नर्सबाई, शोभा यांनी ते वाचवले याचा मला अभिमान आहे. पण त्या एकाला 'चालतंय की' म्हणणारा मी होतो.

अंत्यविधी उरकून मी विहीर गल्लीत आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. आक्का दारातच बसल्या होत्या. मला नावानं हाक मारणारी त्या गल्लीतली ती एकच बाई.

"नाराण, खरं सांग," त्या म्हणाल्या. "दत्तूची कळशी मीच भरून दिलती. माज्या हातचं पानी पिऊन गेला का त्यो?"

"नाही हो आक्का. विहीर बाधली असती तर तुमच्या घरात नसतं का कोण आजारी पडलं?"

त्या उठल्या, आत गेल्या आणि माझ्यासाठी तांब्या-भांडं घेऊन आल्या. मी भांडं तोंडाला लावलं आणि थांबलो. पाणी कोमट होतं.

"गरम आहे, आक्का."

"व्हय. आत्ताच चुलीवरनं उतरलंय. निवायला टाइम न्हाय मिळाला."

"तुम्ही पाणी उकळता?"

"मग? गाळायचं, उकळायचं आन मग प्यायचं. माज्या सासूपासनं तसंच हाय."

आक्का पाणी गाळतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं वीस वर्षं पाणी पीत आलो होतो, पण ते नेहमी गार झालेलं असायचं, त्यामुळं ते उकळलेलं असतं हे मला कधी कळलंच नाही. मी भांडं खाली ठेवलं. ज्या घरावरून मी विहीर चांगली ठरवली, ते एकच घर ते पाणी उकळून पीत होतं. बाकी गल्लीला मी भोंग्यावरून सांगितलं होतं की नळाचं पाणी उकळा. विहिरीचं नावही काढलं नव्हतं. वर नळात औषध ओतून ओतून मीच लोकांना विहिरीवर पाठवलं होतं.

मी उठलो आणि विहिरीभोवती फिरलो. मागच्या अंगाला दगडांच्या सांध्यांतून काळपट ओल उतरत होती. त्या बाजूला महादेव रिक्षावाल्याचं घर. घरामागं निळ्या दाराचा नवा संडास आणि संडासामागं शहाबादी फरशी टाकलेला शोषखड्डा. खड्ड्यापासून विहिरीपर्यंत मी पावलं टाकली. सात भरली. नियमानं ते अंतर निदान पन्नास फूट असायला हवं.

ते निळं दार मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी वॉर्ड हागणदारीमुक्त दाखवायचा होता, तेव्हा आम्ही दिवसाला वीस-वीस संडास तपासत होतो. तपासणं म्हणजे मोबाइलवर फोटो काढायचा: दार, दारात घरधनीण, की झालं. फोटो दाराचा लागायचा, खड्ड्याचा कुणी मागत नसे. महादेवची बायको रेखा त्या फोटोत पदर सावरून हसत उभी होती. पहिल्यांदाच तिच्या घरात संडास झाला होता. जागा अडचणीची, मागं उरलेल्या एवढ्याशा तुकड्यात त्यांनी खड्डा मारला आणि मी मागं जाऊन न बघताच 'स्थळ पाहणी केली' असं लिहून खाली सही ठोकली. दोन वर्षं खड्ड्यानं कळ काढली आणि त्या पावसात तो भरून विहिरीत झिरपला.

आमच्याकडं एक बाटली मिळते. तिच्यात औषध लावलेला कागद असतो. पाणी भरून एक दिवस ठेवायची, घाण असेल तर पाणी काळं होतं. मी विहिरीचं पाणी तिच्यात भरलं आणि आक्कांच्या फळीवर ठेवलं. शोभाला सांगून गल्लीत दवंडीसारखं घरोघर कळवलं की विहिरीचं पाणी बंद, टँकरचं घ्या, आणि कुठलंही असलं तरी उकळा. दुसऱ्या दिवशी बाटली डांबरासारखी काळी होती. विहिरीचं पाणी बंद झालं तशी त्याच दिवसापासून नव्या आजाऱ्यांची संख्या उतरत गेली.

बाटलीची बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? मॅडम येईपर्यंत विहिरीपाशी शंभरेक माणसं जमली होती. दत्तूअण्णाचा पुतण्या सगळ्यांत पुढं.

"म्हाद्यानं गल्लीला इख पाजलं," तो ओरडला. "ह्येच्या संडासापाय माजा चुलता गेला."

महादेव खाली मान घालून उभा. पुतण्यानं त्याच्या शर्टाला हात घातला. रेखा पुढं झाली.

"आमाला काय ठावं वो? आमी काय चोरून बांधलाय? सायबांनीच..."

एवढं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती गप्प झाली. माझी नोकरी जाईल म्हणून ती बाई, नवऱ्याला मार बसायची वेळ आली तरी, गप्प राहिली. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"सायबांनीच पास केलाय," मी म्हणालो. आवाज माझाच आहे का असं वाटलं. "खड्ड्यावर सही माझी आहे. मी मागं जाऊन बघितलंच नव्हतं. आणि दत्तूअण्णाला विहिरीचं पाणी चालतंय असंही मीच सांगितलं. महादेवचं काही चुकलं नाही. शर्ट धरायचा तर माझा धरा."

मग तेच मी मॅडमना कन्नडमध्ये सांगितलं. त्या दिवशी माझं कन्नड ऐकून कुणीच हसलं नाही. दत्तूअण्णाच्या पुतण्यानं महादेवचा शर्ट सोडला. तो बाजूला जाऊन रडायला लागला. त्यानं माझ्यावर हात टाकला असता तर मला बरं वाटलं असतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम दिला: विहीर मुरूम टाकून बुजवायची, आजच. गर्दीनं माना डोलावल्या. तेवढ्यात आक्का आल्या आणि विहिरीच्या काठावर बसल्या. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते.

"बुजवा की," त्या म्हणाल्या. "पर मला एक सांगा मॅडम, घाण खड्ड्यात हाय का हिरीत? आज हीर बुजवाल. उद्या दुसऱ्या हिरीजवळ दुसरा खड्डा निघंल, तवा तीबी बुजवाल. नाराण, ही साफ हुईल का न्हाय? तेवढं सांग."

मॅडम माझ्याकडं वळल्या. होईल, मी म्हणालो. खड्डा काढून टाकायचा, महादेवला रस्त्याकडेला झिरपणार नाही अशी पक्की टाकी बांधून द्यायची, विहीर तळापर्यंत उपसायची, ब्लीचिंगनं धुवायची आणि दर महिन्याला बाटली लावायची. हमी मी देत नाही, बाटली देईल. बाटली सलग तीनदा स्वच्छ निघाली तर विहीर ठेवायची, नाहीतर मुरमाचा ट्रक मी स्वतः घेऊन येईन. मॅडमनी थोडा विचार केला. "सरी," त्या म्हणाल्या.

अडचण एकच होती. ब्लीचिंग टाकलं की विहिरीतला जीव न् जीव मरतो. जी बाई फडक्यावरचा किडासुद्धा परत पाण्यात सोडते, तिच्या विहिरीत मी ते कसं टाकणार? उपशाच्या दिवशी पावडरच्या पिशव्या खाली उतरवून मी आक्कांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आज मी उपास धरलाय," आक्काच म्हणाल्या. "पानी बी घेणार न्हाय. त्या जिवांचं माजं मी फेडीन. मानसाचा जीव बी जीवच हाय. तू टाक."

त्या विहिरीकडं पाठ करून जपमाळ घेऊन बसल्या. मी दिवसभर विहिरीवर होतो. जेवणाचा डबा उघडावासा वाटला नाही. कल्लाप्पा पंप धरून उभा होता. तो माझ्याशी पहिल्यांदा तेव्हा बोलला: "माज्या लायनीवर आळ घेतलासा. आता कळलं न्हवं?" मी म्हटलं, कळलं बाबा, पाया पडू का? म्हणाला, "नगं, पाइपाला हात लावा."

पहिल्या महिन्याची बाटली काळी निघाली. आक्का दोन दिवस जेवल्या नाहीत असं सुनेनं सांगितलं. आम्ही मागच्या बाजूची घाण झालेली माती आणखी खोल काढली, सांधे सिमेंटनं भरले, पुन्हा उपसलं. दुसऱ्या महिन्याची बाटली करडी झाली. त्यापुढची मात्र नितळ राहिली, तिच्या पुढचीही, आणि तिसरीही. त्या तिसऱ्या बाटलीभोवती सकाळी अख्खी गल्ली जमली होती. रेखानं ती उजेडात धरली आणि एकदम मोठ्यानं हसली. फोटोत होती तशीच.

मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात कारणं दिली नाहीत, जे केलं ते लिहून दिलं. शिक्षा झाली आणि ती मला पटली. पण मॅडमनी एक चांगलं केलं. त्यांनी सगळ्या वॉर्डांत मला पुन्हा फिरवलं, या वेळी टेप घेऊन. विहिरी आणि बोअरच्या जवळचे खड्डे आम्ही एकेक करून हलवले. फोटो आता खड्ड्याचा काढतात, टेप दिसेल असा. शोभाच्या कागदावरचा तो रकानाही बदलला. 'नळ आहे का?' असं आता कुणी विचारत नाही. 'आज सकाळी पहिलं पाणी कुठल्या भांड्यातून प्यायलात आणि ते कुठं भरलं?' असं विचारतात. पुढचा पावसाळा आला नि गेला, विहीर गल्लीतून शोभाचा फोन आला तो लेकीच्या बारशाचा. आता त्या गल्लीत संध्याकाळी प्रत्येक चुलीवर पाण्याचं पातेलं असतं. आक्कांनी दारोदार जाऊन शिकवलं, आणि सगळ्यांत आधी शिकली ती रेखा.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी नगरपालिकेत शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. कोंबड्याच्या तक्रारीवाले मास्तरही आले होते आणि त्यांनी माझ्याविषयी एकही तक्रार केली नाही. कार्यक्रम संपल्यावर आक्का हळूहळू काठी टेकत पुढं आल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. मी तिथंच उघडलं. पांढरं दुहेरी फडकं होतं, कडेनं निळ्या दोऱ्याची शिवण.

"दत्तूनं शिवलेलं शेवटचं," आक्का म्हणाल्या. "आजारी पडायच्या आदल्या दिवशी दिलतं त्येनं. मी ठिवलतं. त्येनं सवता कवा वापरलं न्हाय. तू वापर."

शाल मी कुणालातरी देऊन टाकली. ते फडकं मात्र रोज सकाळी कळशीच्या तोंडावर बांधतो, गाळलेलं पाणी चांगलं उकळतो आणि मगच त्यातलं चहाला घेतो. चहाला कसलाही वास येत नाही. दत्तूअण्णाला तो एकदा पाजायला हवा होता.